पन्नासास एक

‘प्रमाण’ हा शब्द आमच्या भाषेंत मोठा भाग्यवान आहे. एकीकडे तो वाण्याच्या तागडीशीं घरोबा ठेवतो, तर दुसरीकडे न्यायशास्त्राच्या पंडितांच्या पंक्तीलाहि जाऊन बसतो. किती डाळीस किती मीठ, याला प्रमाण म्हणतात; आणि अमुक गोष्ट खरी हें कशावरून, याच्या उत्तरालाहि प्रमाणच म्हणतात. या दोन अर्थांचा परस्परांशीं कांहीं संबंध असेल असें आम्हांस वर्गांत शिकवितांना कधीं वाटलें नव्हतें. तो संबंध गेल्या वर्षीं एका जुन्या स्कूटरनें आम्हांस समजावून दिला. त्या स्कूटरच्या निमित्तानें उद्भवलेला प्रश्न दिसावयास अगदीं क्षुल्लक होता. तो असा : एक लिटर पेट्रोलांत तेल किती घालावें?

स्कूटर आमच्या वडिलांची. राणा प्रतापाच्या घोड्याचें नांव धारण करणारी ही गाडी आकुर्डीच्या कारखान्यांत तयार होत असे. तिचें मूळ कुळ इटलींतलें. कोरादिनो दास्कानिओ या विमानविद्येंतील अभियंत्यानें पिआजिओ कंपनीसाठीं रचलेली व्हेस्पा १९४६ सालीं रस्त्यावर आली. त्या कंपनीच्या परवान्याखालीं ती पुढें आपल्याकडे बनूं लागली. १९७१ सालीं तो परवाना संपला, आणि १९७२ पासून ‘चेतक’ हें देशी नांव तिच्या अंगावर चढलें. वडिलांना ती १९८१ सालीं मिळाली. ‘मिळाली’ हाच शब्द योग्य. कारण त्या काळीं स्कूटर विकत घेतां येत नसे, ती प्राप्त होत असे. नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे, आणि नंबर लागला म्हणजे घरांत एखाद्या कार्यासारखी धांदल उडे.

वडील शाळामास्तर होते, आणि मास्तरकी त्यांनीं स्कूटरशींहि सोडली नाहीं. पंपावरचा माणूस तेलाचा दांडा दाबून पेट्रोलावर तेलाची धार सोडी, ती त्यांना कधीं मान्य झाली नाहीं. त्यांनीं एक औषधाची बाटली घेतली होती. पूर्वी दवाखान्यांतून मिश्रणाची बाटली मिळे तेव्हां डोस कळावा म्हणून तिच्यावर खांचा पाडलेली कागदी पट्टी चिकटविलेली असे. तशीच पट्टी वडिलांनीं आपल्या हातानें कापून त्या बाटलीवर लावली होती. एक खांच म्हणजे एक लिटरचें तेल, तीस मिलिलिटर. ते गेल्यानंतर स्कूटर सहा वर्षें जुन्या पलंगपोसाखालीं उभी होती. बाटली मात्र डिकींत जशीच्या तशी होती.

गेल्या वर्षीं आम्हीं ती गाडी दुरुस्तीस दिली. ती परत येणार अशी वार्ता इमारतींत पसरली तेव्हां तळमजल्यावर राहणारे एक निवृत्त गृहस्थ आम्हांस जिन्यांत भेटले. त्यांचा पांच वर्षांचा नातू त्यांच्याजवळ असतो. त्या मुलाला दमा आहे. आणि त्यांच्या खोलीची खिडकी नेमकी जेथें गाड्या उभ्या राहतात त्या बाजूस उघडते. “सर, वडिलांची गाडी चालू करताय म्हणे. आनंद आहे. त्यांच्या मागं बसून मी दोनदां स्टेशनावर गेलोय,” असें ते म्हणाले, आणि मग थोडें थांबून त्यांनीं विचारलें, “धूर कितीसा येईल?”

त्या प्रश्नांत तक्रार नव्हती. आगगाडी किती वाजतां येईल असें विचारावें तितक्या साधेपणानें त्यांनीं तो विचारला. पण ज्या प्रश्नाला तक्रारीचा सूर नसतो त्याचें उत्तर टाळतां येत नाहीं. धूर किती येईल हें तेल किती घालावें यावर अवलंबून होतें, आणि तेल किती घालावें हें आम्हांस ठरवावयाचें होतें. नैयायिकांनीं ज्ञानाचीं चार साधनें सांगितलीं आहेत : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. आम्ही पुस्तकी माणसें. अर्थात् आमची सुरुवात शब्दापासून झाली.

शब्द म्हणजे गाडीबरोबर आलेली पुस्तिका. तिच्यांत दोन टक्के असें स्पष्ट आहे, म्हणजे लिटरला वीस मिलिलिटर, पन्नासास एक. येथें विषय संपावयास हवा होता. परंतु वडिलांच्या पट्टीवर तीस, आणि जुन्या स्कूटरांच्या नादीं लागलेले एक स्नेही पांच टक्क्यांखालीं उतरावयास तयार नाहींत. त्यांचेंहि म्हणणें निराधार नव्हे. १९५० नंतरच्या दशकांतल्या व्हेस्पांना खरोखरच पांच टक्के, म्हणजे विसास एक, असें प्रमाण सांगितलेलें असे. मग विसास एक खरें कीं पन्नासास एक?

दोन्हीं खरीं, असें थोड्या वाचनानंतर आमच्या ध्यानांत आलें. त्या जुन्या काळीं पेट्रोलांत घालावयाचें तेल म्हणजे साधें खनिज इंजिन-तेल. तें लवकर करपे, त्याची राख होई, आणि त्याचा पातळ थर दाबाखालीं टिकत नसे. म्हणून तें मुबलक घालावें लागे. पुढें इंजिनाची रचना सुधारली, आणि अशाच इंजिनांसाठीं निराळें तेल निघालें, ज्याला आज कोणीहि दुकानदार ‘टू-टी’ म्हणून ओळखतो. जपानी मानकांत त्याच्या एफ्-बी, एफ्-सी, एफ्-डी अशा चढत्या पायऱ्या आहेत, आणि एफ्-सीपासून पुढचें तेल धूर कमी करणारें असतें. सारांश, पांच टक्के हा आंकडा ज्या तेलासाठीं लिहिला गेला तें तेल आज आम्ही वापरीत नाहीं. आंकडा तेवढा उरला आणि ज्याच्यासाठीं तो होता तें निघून गेलें.

आमच्या समाजांत शब्दप्रमाणावरून जे वाद शंभर वर्षें झाले त्यांची येथें आठवण व्हावी यांत नवल नाहीं. एक पक्ष म्हणतो, लिहिलें आहे म्हणून पाळा. दुसरा म्हणतो, जुनें आहे म्हणून टाका. आंकडा लिहिणाऱ्यापुढें कोणतें तेल होतें, असें विचारणारा तिसरा माणूस मात्र दोघांनाहि परका वाटतो. पण तोच एकटा त्या लिहिणाऱ्याचा खरा मान राखीत असतो.

तेलाचा इतिहास हा तसा गमतीचा विषय आहे. यंत्रयुगाच्या आरंभीं विमानांच्या व शर्यतींच्या इंजिनांत आपलें घरगुती एरंडेल घालीत. आजचें एक जगप्रसिद्ध तेलाचें नांव एरंडेलाच्या इंग्रजी नांवावरूनच पडलेलें आहे. लहानपणीं ज्याच्या नुसत्या वासानें आम्ही माडीवर पळून जात असूं, त्यानें विमानें उडत होतीं हें वाचून त्या तेलाविषयींचा आमचा जुना राग बराच निवळला. पण एरंडेल पेट्रोलांत नीट विरघळत नाहीं, आणि जळल्यावर चिकट थर मागें ठेवतें. तेव्हां आमच्या प्रश्नाला त्याचा उपयोग नव्हता.

शब्दप्रमाणांतच आप्तवाक्याचा समावेश होतो. आमचे आप्त म्हणजे पेठेंतले मेकॅनिक. सारी आळी त्यांना मामा म्हणते. चाळीस वर्षें त्यांनीं याच गाड्या उघडल्या व मिटल्या आहेत. आम्हीं पुस्तिका दाखवितांच त्यांनीं ती आदरानें हातांत घेतली, चाळली, आणि परत दिली. “सर, चाळीस टाका,” ते म्हणाले. “तेल जास्त झालं तर प्लग जातो, तेल कमी झालं तर इंजिन जातं. प्लगाला काय लागतं? इंजिनाला किती लागतं ते मी आज तुम्हांला सांगत नाही.”

हें वाक्य आम्ही विसरूं शकलों नाहीं. ॲरिस्टॉटलनें सद्गुण हा दोन अतिरेकांच्या मध्यें असतो असें सांगितलें. पण तो मध्य नेहमीं बरोबर मधोमध नसतो, एखाद्या टोंकाला अधिक जवळ असतो, हेंहि सांगितलें. विद्यार्थ्यांना हा दुसरा भाग समजावून देतांना आमचा घसा नेहमीं कोरडा पडतो. मामांनीं तो प्लग आणि इंजिन या दोन शब्दांत सांगितला. दोन चुकांपैकीं एक स्वस्त व एक महाग असेल, तर शहाण्यानें स्वस्त चुकीकडे झुकावें.

तथापि आप्तवाक्य ऐकून स्वस्थ बसणें हें आमच्या धंद्याला शोभत नाहीं. म्हणून आम्ही अनुमानाकडे वळलों. पेट्रोलांत तेल मिसळावें लागतें तरी कां? मोटारीच्या इंजिनांत तेलाचें निराळें कुंड असतें. तें तेल आंतल्या आंत फिरतें आणि पुन्हा कुंडांत येतें. आमच्या स्कूटरच्या इंजिनांत हें कुंडच नाहीं. हवा व पेट्रोल यांचें मिश्रण दट्ट्याच्या खालच्या पेटींतून, फिरत्या दांड्यावरून व धारव्यांवरून वाहत वर जातें, आणि जातां जातां त्यांना वंगण देतें. म्हणजे तेथें तेल राहत नाहीं. तें नुसतें वाटेनें जातें. जातांना काम करून जातें, आणि शेवटीं थोडेंसें जळून व बरेंचसें न जळतां धुराड्यावाटे बाहेर पडतें. निळसर पांढरा धूर दिसतो तो याचाच.

यावरून कमी तेलाचा परिणाम सहज कळतो : दट्ट्या तापून फुगतो, आणि नळकांड्यांत अडकून बसतो. अधिक तेलाचा परिणाम सावकाश दिसतो. प्लगावर काजळी चढते, धूर बाहेर जाण्याचीं भोंकें बुजतात, आणि मग पूर्वीच्या मेकॅनिकांप्रमाणें सायलेन्सर काढून जाळावा लागतो. याखेरीज एक बारकावा असा कीं, तेल वाढविलें म्हणजे तितक्याच मापांत पेट्रोल घटतें. त्यामुळें हवेच्या मानानें पेट्रोलाचें मिश्रण किंचित् पातळ होतें. पेट्रोल पातळ झालें म्हणून तेल वाढवावें, हा लौकिक उपाय या बाबतींत नेमका उलटा पडतो.

उपमान आम्हांस कोंकणांतून मिळालें. ३ जून २०२० रोजीं निसर्ग वादळ श्रीवर्धन-मुरुडच्या किनाऱ्यावर आदळलें, तेव्हां दापोलीकडच्या आमच्या आतेबंधूंच्या वाडींत आंब्याचीं व फणसाचीं झाडें आडवीं झालीं. रस्ता मोकळा करण्यासाठीं त्यांनीं कोणाकडून तरी एक जुनी जर्मन बनावटीची यांत्रिक करवत मिळविली. ती अजून त्यांच्याकडे आहे. तिच्या टाकीजवळ ‘१:२५’ असा आंकडा कोरलेला आहे, आणि “दादा, आतांच्या तेलाला हाच धरायचा का?” असा त्यांचा फोन आम्हांस याच सुमारास आला. आमच्या स्कूटरचा प्रश्न आणि त्यांच्या करवतीचा प्रश्न एकच निघाला.

करवतीच्या उदाहरणानें आमची समजूत पुष्कळ स्वच्छ झाली. जर्मनींत एमिल लेर्प यानें १९२७ च्या व आंद्रेआस श्टील यानें १९२९ च्या सुमारास पेट्रोलावर चालणाऱ्या करवती बनविल्या, त्या दोघांनीं मिळून उचलावयाच्या अवजड वस्तु होत्या. पुढें ती एकाच्या हातांत आली. लांकूडतोड्या करवत आडवी धरतो, तिरपी धरतो, प्रसंगीं उलटीहि धरतो. तेलाचें कुंड असतें तर तें एकाच कलण्यांत भलतीकडे सांडलें असतें. पेट्रोलांतच तेल असल्यामुळें करवत कशीहि धरा, वंगण पोंचतेंच. तेव्हां पेट्रोलांत तेल हा गरिबीचा इलाज नसून त्या यंत्राच्या हलकेपणाची व चपळाईची ती किंमत आहे. जुन्या करवतींवर सोळास एक, विसास एक, पंचविसास एक असे आंकडे आढळतात. तेहि त्या काळच्या तेलाला धरून आहेत. आतेबंधूंना आम्हीं कळविलें : हवेनें थंड होणाऱ्या इंजिनाचें चांगलें तेल असेल तर चाळीसास एक किंवा पन्नासास एक पुरे, मात्र होड्यांच्या इंजिनांसाठीं जें तेल मिळतें तें घेऊं नका. तीं इंजिनें पाण्यानें थंड राहतात; त्यांच्या तेलाला करवतीचा ताप सोसत नाहीं.

राहिलें प्रत्यक्ष. तें प्लगावर पाहावयाचें असतें. पांच-सात मैल चालवून प्लग काढावा. तो चहांत बुडविलेल्या बिस्किटासारखा तपकिरी असेल तर सर्व ठीक. काळा व ओला असेल तर अधिक झालें. पांढरा फटफटीत असेल तर इंजिन प्रमाणाबाहेर तापत आहे. आम्हीं मामांच्या दुकानासमोर वीस, तीस व चाळीस अशीं तिन्हीं मापें घालून पाहिलीं. वीसवर प्लग बिस्किटासारखाच आला. चाळीसवरहि इंजिन तितक्याच आनंदानें चालत होतें. गाडीच्या दृष्टीनें वीस आणि चाळीस यांत फारसा भेद नव्हता. भेद दिसला तो गाडीच्या मागें. चाळीसवर मामांच्या शेजारच्या फुलवालीनें पदर नाकाला लावला.

येथें मामांच्या सिद्धान्तांतील गाळलेली ओळ आम्हांस सांपडली. अधिक तेलाची चूक स्वस्त आहे हें खरें. पण ती कोणाला स्वस्त? कमी तेल घातलें तर नुकसान गाडीच्या मालकाचें होतें, आणि तें मेकॅनिकच्या बिलांत दिसतें. जास्त तेल घातलें तर नुकसान मागून येणाराचें होतें, फुलवालीचें होतें, खिडकीशीं बसलेल्या मुलाचें होतें. आणि तें कोणत्याच बिलांत दिसत नाहीं. आम्हीं हें मामांना सांगितलें. ते थोडा वेळ गप्प राहिले व म्हणाले, “हे कुणी विचारलं नव्हतं, सर. गिऱ्हाईक विचारतो, गाडी बंद तर पडणार नाही ना.”

पुढची अडचण पेट्रोलानेंच आणली. वडिलांच्या काळचें पेट्रोल शिशाचें होतें. २००० सालीं देशभर बिनशिशाचें आलें, आणि त्याची आमच्या गाडीला कांहीं झळ लागली नाहीं, कारण शिशाचा आधार ज्या झडपांच्या बैठकींना लागे तशा झडपाच या इंजिनांत नाहींत. परंतु २०२३ पासून वीस टक्के इथेनॉलचें पेट्रोल पंपांवर येऊं लागलें, आणि २०२५ पर्यंत तें जवळजवळ सर्वत्र झालें. “बाबा, आजोबांची स्कूटर आता उसाचा रस पिणार,” असें आमची रसायनशास्त्र शिकणारी कन्या म्हणाली. कोल्हापूर-सांगलीच्या शेतकऱ्याला त्यांतून दोन पैसे मिळतात, हें आम्हांस दिसतें. तक्रार करण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु इथेनॉल हवेंतलें पाणी ओढून घेतें. गाडी पावसाळाभर उभी राहिली आणि पाणी मर्यादेपलीकडे गेलें, म्हणजे पाणी व इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशीं बसतात, आणि तेल वरच्या पेट्रोलांत राहतें. इंजिनाला नळी असते तळाशीं. म्हणजे टाकींत तेल पुरेपूर असूनहि इंजिनाच्या तोंडीं बिनतेलाचा घांस जातो. शिवाय जुन्या रबरी नळ्या व वायसर इथेनॉलनें खराब होतात. यावर तेल वाढविणें हा उपाय नव्हे. नळ्या बदलल्या, मामांनीं कार्बोरेटरचा जेट एक नंबर मोठा बसविला, आणि आठवड्यापुरतेंच मिश्रण करावयाचें, गाडी उभी राहणार असेल तर कॉक बंद करून आंतलें पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू ठेवावयाचें, असा नियम आम्हीं केला. मामांनीं शेवटीं वीस मान्य केले, पण एक अट घातली : “वीसवर गेलात, तर चढावर ताणू नका.”

एवढें करूनहि एक गोष्ट उरते. या जातीच्या इंजिनांत ताजें मिश्रण आंत येतें आणि जळलेला वायु बाहेर जातो तो एकाच क्षणीं. म्हणून त्या गडबडींत ताज्या मिश्रणाचा सुमारें चतुर्थांश भाग न जळतांच बाहेर निसटतो. तेल वीस घाला, एफ्-डी जातीचें घाला, त्याला इलाज नाहीं. तो दोष प्रमाणाचा नसून जन्माचा आहे. उत्तम प्रमाण म्हणजे निर्दोषपणा नव्हे.

म्हणून तळमजल्यावरच्या गृहस्थांना आम्हीं जें उत्तर दिलें त्यांत दोन भाग होते. धूर पूर्वीच्या मानानें पुष्कळ कमी येईल. पण मुळींच येणार नाहीं असें नाहीं. यास्तव गाडी इमारतीच्या आवारांत सुरू होणार नाहीं. आम्ही ती ढकलत चौकापर्यंत नेऊं, तेथें वडिलांच्या रीतीप्रमाणें एका अंगावर कलती करून किक मारूं, आणि तेंहि महिन्यांतून दोन रविवारीं. एरवीं कॉलेजला जावयास बस आहे. ते म्हणाले, “एवढं कशाला, सर?” पण त्यांनीं नको म्हटलें नाहीं, आणि त्यांनीं नको म्हटलें नाहीं यांतच आम्हांस समजावयाचें तें समजलें.

चौक सुमारें दीडशें पावलांवर आहे, आणि या वयांत शंभराहून अधिक किलोची गाडी ढकलणें हा व्यायाम डॉक्टरांच्या यादींतला नव्हे. परंतु तीं दीडशें पावलेंहि आम्ही आतां मिश्रणांतच धरतों. पेट्रोल किती, तेल किती, आणि आपले श्रम किती, असें तें त्रैराशिक आहे. वडिलांच्या बाटलीवरची पट्टी आम्हीं काढली नाहीं. त्यांच्या तेलासाठीं त्यांची खांच बरोबर होती. तिच्या शेजारीं, थोडी खालीं, वीसची दुसरी पट्टी लावली आहे. ज्यांच्या घरीं अशी एखादी जुनी वस्तु अजून चालती आहे, त्यांना आमचें इतकेंच सांगणें कीं, तिच्यावर कोरलेला आंकडा अवश्य वाचावा, जाणत्याचें ऐकावें, प्लग पाहावा. आणि मग माप भरण्यापूर्वीं एकदां गाडीच्या मागें जाऊन उभें राहावें. तेथून जें दिसतें तें चौथें प्रमाण होय, आणि आमच्या मतें तें सर्वांत बलवत्तर आहे.